फाटलेलं फिनेल

भूकंपानंतर गावोगाव मदतीची जी पोती आली, त्यात एक पोतं पांढऱ्या पुडीचं होतं. वर इंग्रजीत काहीतरी छापलेलं होतं, पण पत्र्याच्या शेडमध्ये ते वाचत बसायला कोणाला वेळ नव्हता. माझ्या थोरल्या जाऊबाई तेव्हा तिथे राहत होत्या. वाट्याला आलेली शेडमधली जागा त्यांनी शेणाने सारवली. सारवून झालं की भिंतीच्या कडेने पांढऱ्या मातीची पट्टी ओढायची ही आमच्याकडची पद्धत. पांढरी माती ढिगाऱ्याखाली गेली होती, म्हणून त्यांनी त्या पोत्यातली ओंजळभर पूड पाण्यात कालवली आणि बोटांनी पट्टी ओढली. थोड्या वेळाने डोळे चुरचुरायला लागले, शेजारची पोरं खोकायला लागली आणि जाऊबाईंच्या उजव्या हाताची साल निघाली. ती पूड ब्लीचिंग पावडर होती, गटारीवर आणि पाण्याच्या टाकीत टाकायला पाठवलेली.

मी त्यांना अक्का म्हणायचे. मी लातूरहून त्या शेडवर त्यांना आणायला गेले तेव्हा हाताला चिंधी बांधलेली होती. मी म्हणाले, "अक्का, निदान विचारायचं तरी कुणाला."

"काय इचारायचं? पांढरं हाय, बारीक हाय, पोतंभर हाय. पांढरी माती न्हाई तर काय समजायचं मानसानं?"

मोठे दीर भूकंपात गेले. घर गेलं. मूलबाळ नव्हतं. हे मी तीन वाक्यांत सांगते, कारण अक्काही ते तेवढ्यातच सांगायच्या. त्या दिवसापासून मात्र त्यांना एक सवय लागली. घरात आलेली कुठलीही पांढरी पूड, मग ती मीठ असो की पिठीसाखर, आधी नाकाशी न्यायची, मग चिमटीत चोळून बघायची. माझे मिस्टर थट्टा करायचे. अक्का ऐकून घ्यायच्या आणि पुढची पुडी नाकाशी न्यायच्या.

त्या आमच्याकडे सहा वर्षं राहिल्या. मिस्टर एका कार्यालयात कारकून, आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत, गावाबाहेरच्या नव्या वस्तीत. तिथे नळ नव्हता, बोअर होतं. भूकंपानंतर वर्षभर लातुरात लोक स्लॅबखाली झोपायला तयार नव्हते, अंगणात खाटा टाकायचे. नंतर बाहेरगावची मुलं-मुली शिकवण्यांसाठी येऊ लागली आणि त्याच लोकांनी घरावर घर चढवलं. आमच्या गल्लीत सकाळ-संध्याकाळ वाळूचे ट्रॅक्टर यायचे. तळमजल्यावर मालक, वर मुली, त्याच्यावर आणखी मुली. खोल्या झाल्या म्हणजे फरशा आल्या, संडास आले, मोऱ्या आल्या, आणि ते सगळं कोणीतरी धुवायचं आलं.

अक्कांचे भाऊ कंधारकडच्या एका खेड्यात शेती करायचे. त्यांच्याकडे चार म्हशी होत्या आणि त्यांच्या बायकोचे गुडघे धरले होते. त्या सुमारास त्यांना बहिणीची आठवण जास्त येऊ लागली. श्रावणात ते एसटीने आले, चहा घेतला आणि म्हणाले, "किती दिस दिराच्या दारात ऱ्हानार? आपल्या घरी चल की."

अक्कांनी त्यांचा कप उचलून मोरीत ठेवला. ते मिस्टरांबरोबर बाहेर गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "तिथं ग्येले की मेल्यावरच सुटन. वहिनीच्या चुलीम्होरं बसायचं आन् म्हशीच्या मागं फिरायचं. मला कुनाच्याच चुलीशी ऱ्हायचं न्हाई. तुझ्याबी. तुला राग आला तर येऊ दे."

मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते, फक्त सहा वर्षं आधी.

भाऊ जाताना मुदत देऊन गेले. "भाऊबीजेला न्यायला येतो. तवर कायी धंदापानी जमला तर ऱ्हा. न्हाई तर गुमान पिशवी भर." तेव्हा दिवाळीला तीन महिने होते. अक्कांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शिवणकाम जमत नव्हतं. पापड-लोणची करणाऱ्या बायका गल्लीगणिक होत्या.

तेवढ्यात नांदेडला तीन दिवसांचा वर्ग निघाल्याचं मिस्टरांच्या कार्यालयात कळलं. घरगुती स्वच्छतेच्या वस्तू कशा बनवायच्या, बायकांसाठी, राहणं-जेवण तिथेच. अहमदपूरमार्गे एसटीने आम्ही दोघी गेलो. मी वही घेतली. अक्कांनी एक स्टीलचा डबा घेतला, का ते विचारलं तर म्हणाल्या, "काय देत्याल ते घ्यायला."

शिकवणारे सर रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर होते. त्यांची एकच शिस्त होती. टेबलावरची प्रत्येक वस्तू उचलायची आणि तिला विचारायचं, "तुझं काम काय?" मला ती पद्धत आवडली. भांड्यांच्या पातळ साबणात मीठ कशाला? तर घट्ट व्हायला. जास्त झालं तर परत पाणी होतं. रंगाचं काम काय? काही नाही. वासाचं? गिऱ्हाइकाची खात्री पटवणं. "आणि फेसाचं?" असं त्यांनी विचारलं तेव्हा सगळ्या बायका एकदम म्हणाल्या, "मळ काढणं!" सर म्हणाले, "मळ साबण काढतो. फेस त्याची जाहिरात करतो."

हातगाडीवर दारूच्या जुन्या बाटल्यांतून जे अ‍ॅसिड विकतात ते आणि ब्लीचिंग पावडर एका संडासात कधी टाकायचे नाहीत, त्यातून विषारी वायू निघतो, हे त्यांनी आमच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. "दोन वस्तू आपल्या मनाने एकत्र करायच्या नाहीत." मी ते वाक्य वहीत चौकट आखून लिहिलं. अक्कांनी आपला उजवा हात उलटा करून बघितला.

फिनेल असं करायचं. राळ आणि एरंडेल गरम करायचं, त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालून साबण शिजवायचा. पातेलं लोखंडाचं किंवा स्टीलचं घ्यायचं, अ‍ॅल्युमिनियमचं कॉस्टिक खाऊन टाकतं. मग त्यात पाईनचं तेल. तेलाचं काम जंतू मारणं आणि वास. साबणाचं काम त्या तेलाला पाण्यात धरून ठेवणं, एरवी तेल वर आणि पाणी खाली. शेवटी पाणी घालून ढवळायचं. सरांनी ढवळलं आणि बादलीभर दूध तयार झालं. दाट, पांढरंशुभ्र. बायकांनी टाळ्या वाजवल्या. अक्कांनी डबा पुढे केला आणि नमुना घेतला.

वहीत माझ्या अक्षरात सगळी मापं होती. शेवटची ओळ होती, "बाकी पाणी." त्या पाण्याला मात्र तुझं काम काय म्हणून कोणी विचारलं नाही. मीही नाही.

नांदेडहूनच सामान आणून आम्ही गच्चीवर पहिला घाणा घातला. साबण शिजला, तेल मिसळलं, बोअरचं पाणी ओतलं. ढवळता ढवळता त्याचा चिवडा झाला. मध्ये चिकट पांढरे गोळे, वर तपकिरी तेलाचा तवंग, खाली गढूळ पाणी. मिस्टर वाकून बघून म्हणाले, "पनीर चांगलं पडलंय."

"खाऊन बगा," अक्का म्हणाल्या.

मी वहीशी ताडून पाहिलं. मापं बरोबर होती. मग माझं मत झालं की राळ भेसळीची. दुसरी राळ आणली, दुसरा घाणा घातला, तोही फाटला. मग माझं मत झालं की एरंडेल जुनं. तिसरा घाणा फाटला तेव्हा नवरात्र बसायला आलं होतं. मी पुन्हा नांदेडला जाऊन सरांना गाठायचं म्हणत होते. अक्का स्वयंपाकघरात कुकरपाशी उभ्या होत्या.

"नांदेडात डाळ कशी लोन्यावानी होती," त्या म्हणाल्या. "वरनात दाना हुडकावा लागायचा. हितं पाच शिट्ट्या झाल्या, टनक."

"अक्का, मी फिनेलचं बोलतेय."

"म्याबी तेच बोलून राहिले."

मी वही खाली ठेवली. अक्का म्हणाल्या की नांदेडात तीन दिवस न्हाल्यावर केस मोकळे राहत होते. हितं शिकेकाई लावा की साबण लावा, केस दोरखंडावानी होतात. तिथे एवढ्याशा साबणात लुगडं निघालं, हितं अर्धी वडी जाते. "तिथलं पानी गोदेचं. हितलं जमिनीच्या पोटातलं. सामान तेच हाय गं. पानी तेच न्हाई."

दोन बाटल्या घेतल्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत मिस्टरांनी जुन्या गावातल्या नळावरून आणलेलं. दोन्हींत साबणाचा नखाएवढा तुकडा घालून हलवलं. नळाच्या बाटलीत गळ्यापर्यंत फेस आला. बोअरच्या बाटलीत चार बुडबुडे आले, तेही गेले, आणि पाण्यावर करडी साय धरली. मला शाळेतलं आठवलं. जड पाण्यात क्षार असतात, आधी ते साबणाला खाऊन टाकतात आणि उरला तर मळाच्या वाट्याला येतो. आमच्या घाण्यात ते साबणाला खात होते आणि मोकळं सुटलेलं तेल वर येत होतं. हे मी दहावीला लिहून गुण मिळवले होते. गच्चीवर तीन घाणे फेकेपर्यंत ते मला आठवलं नव्हतं.

नळाच्या पाण्यात चौथा घाणा जमला. जुन्या गावातून सायकलवर कॅन लादून पाणी आणायचं काम मिस्टरांकडे आलं आणि पनीर हा शब्द बंद झाला.

आमच्या मागच्या गल्लीत मुलींचं तीन मजली वसतिगृह होतं. तिथल्या रेक्टरबाई कडक होत्या. आधीच्या माणसाचं फिनेल नुसतं रंगवलेलं पाणी निघालं म्हणून त्यांनी त्याला हाकललं होतं. त्यांनी दसऱ्यानंतरच्या रविवारी बोलावलं. "माझ्यासमोर बादलीत टाकून दाखवा. चांगलं निघालं तर तिन्ही मजले तुमचे. आमच्या मालकांची आणखी दोन वसतिगृहं आहेत."

एवढं झालं तर अक्कांचं भागणार होतं. गल्लीच्या तोंडाशी एक पत्र्याची खोली रिकामी होती, ती त्यांनी मालकिणीला सांगून धरून ठेवली होती. आत चूल कुठे मांडायची ते खडूने आखूनही आल्या होत्या.

रविवारी आम्ही कॅन घेऊन गेलो. मोरीपाशी बादली भरून ठेवलेली होती. सकाळची परीक्षा देऊन आलेल्या दहा-बारा मुली जिन्यावर बसून उत्तरं ताडत होत्या. रेक्टरबाईंनी झाकणभर फिनेल बादलीत ओतलं. ते क्षणभर पांढरं झालं. मग त्याच्या चिंध्या झाल्या आणि वर तेलाची तीच तपकिरी चकती तरंगायला लागली.

आम्ही फिनेल नळाच्या पाण्यात केलं होतं. बादली बोअरची होती. सगळ्या वस्तीत दुसरं पाणीच नव्हतं आणि हा विचार आम्हा दोघींपैकी एकीनेही केलेला नव्हता.

"नासकं आहे हो हे," रेक्टरबाई म्हणाल्या. "न्या परत."

मी पाण्याचे क्षार समजावून सांगायला लागले. त्यांना क्षार नको होते, फरशी पुसून हवी होती. जिन्यावरची एक मुलगी दुसरीला म्हणाली, "अगं, हार्डनेस ऑफ वॉटर! आत्ताच तर आला होता, सोळावा प्रश्न." दुसरी म्हणाली, "तरीच माझे केस गळून राहिलेत." पहिलीने उत्तर बरोबर लिहिलं होतं. ज्या पाण्याबद्दल लिहिलं त्यानेच ती रोज अंघोळ करत होती, हे तिच्या पहिल्यांदाच लक्षात आलं असावं. मला हसायचा अधिकार नव्हता.

अक्कांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्या मोरीच्या कट्ट्यावर बसून भांडी घासणाऱ्या बाईशी बोलत होत्या.

"बाई, तुमची डाळ शिजती का या पान्यात?"

"सोडा टाकल्याबगर कुठं शिजती?"

"आन् ही कढई कशानं घासता?"

"धुन्याच्या सोड्यानं. त्यो काय, पोत्यात."

अक्का उठल्या आणि कोपऱ्यातल्या पोत्यात हात घालून मूठभर पांढरी पूड घेऊन आल्या. पोत्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मी त्यांचं मनगट धरलं. "अक्का, दोन वस्तू एकत्र करायच्या नाहीत. सरांनी सांगितलंय."

"आपल्या मनानं करायच्या न्हाईत म्हनलेत. आधी वळखायच्या." त्यांनी मूठ माझ्या नाकाशी धरली. "वास घे. शेडातल्या पुडीवानी नाकात चढतो का?"

वास नव्हता. त्यांनी चिमटीत पूड ओली करून चोळली. बुळबुळीत लागली. मीही चोळून पाहिली. तो धुण्याचा सोडाच होता, आणि साबणाशी सोड्याचं वाकडं नाही हे मला माहीत होतं. मी मनगट सोडलं.

"ताई, एक बादली भरू का?" अक्कांनी रेक्टरबाईंना विचारलं. "पसंत न्हाई पडलं तर दोन्ही बादल्या म्या सोता धुऊन ठेवते आन् जाते."

नवी बादली भरली. अक्कांनी अंदाजाने सोडा टाकला आणि हाताने ढवळलं. पाणी किंचित गढूळ झालं. फिनेलचं झाकण हातात घेऊन त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

"आता काय?" रेक्टरबाई म्हणाल्या.

"दम धरा. आधी पान्याला धुऊन निघू द्या."

मुली जिन्यावरून खाली उतरून बादलीभोवती उभ्या राहिल्या. रेक्टरबाईंनी दोनदा घड्याळ बघितलं. मी बादलीकडे न बघता अक्कांच्या हाताकडे बघत होते. उजव्या हाताची कातडी अजून जागोजागी वेगळ्या रंगाची होती. सोड्याने ओढलेले पाण्यातले क्षार बुडाशी बारीक पांढरा गाळ होऊन बसायला लागले तेव्हा त्यांनी फिनेल ओतलं.

दूध झालं. नांदेडइतकं शुभ्र नव्हे, म्हशीच्या दुधात पाणी घातल्यासारखं, पण दूध. अक्कांनी काठीने ढवळलं. ते फाटलं नाही. थांबून पुन्हा ढवळलं, तरी फाटलं नाही. रेक्टरबाईंनी फडकं बुडवून जिन्याची पहिली पायरी पुसली, वाळू दिली, तिच्यावरून बोट फिरवलं. चिकट नव्हती.

"हे पांढरं रोज कोण टाकणार?" त्यांनी विचारलं.

"पुडी म्या देते. एका बादलीला एक चमचा. आधी पुडी, मंग दम, मंग फिनेल. उलटं केलं तर मला बोलवायचं न्हाई."

रेक्टरबाईंनी आधी एका मजल्याचं काम दिलं, आठ दिवस बघून तिन्ही दिले. बाकीची दोन वसतिगृहं दिवाळीच्या सुट्टीनंतर मिळाली. मी नांदेडच्या सरांना कार्ड टाकून सगळं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, त्यात एवढंच होतं की पुढच्या वर्गापासून ते पाण्यालाही प्रश्न विचारतील.

वहीतली "बाकी पाणी" ही ओळ मी खोडून तिथे नीट लिहिलं, कुठलं पाणी, कशाने तपासायचं, किती सोडा. अक्कांना त्या वहीचा उपयोग नव्हता. त्यांनी सोड्याच्या पुड्यांना लाल दोरा बांधायचं ठरवलं, म्हणजे वाचता न येणाऱ्या बाईलाही ही पूड कुठली ते कळावं. लाल दोरा म्हणजे सोडा. दोरा नसलेल्या पांढऱ्या पुडीला हात लावायचा नाही. वसतिगृहांत भांडी घासणाऱ्या, फरशा पुसणाऱ्या सगळ्या बायकांना त्यांनी हे तोंडी पाठ करून घेतलं. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंगचंही सांगितलं, आणि सांगताना हात दाखवला. माझ्या वहीतल्या चौकटीपेक्षा तो हात जास्त लक्षात राहायचा.

भाऊबीजेला त्यांचे भाऊ आले. आधी आमच्याकडे आले. मी त्यांना गल्लीच्या तोंडाशी, पत्र्याच्या खोलीकडे घेऊन गेले. अक्का कॅन भरत होत्या. दारात पिशवी भरलेली नव्हती, हे त्यांनी आल्या आल्या बघितलं. अक्कांनी हात धुतले, पाट मांडला, औक्षण केलं, करंजी वाढली. स्वतःच्या घरात भावाला ओवाळायची सहा वर्षांतली त्यांची ती पहिली वेळ होती. हे मी सांगतेय, त्या बोलल्या नाहीत.

भाऊ खाली मान घालून खात होते. खाऊन झाल्यावर खोलीभर बघत म्हणाले, "मंग न्हाईच येत म्हन की."

"न्हाई."

"तुझ्या वहिनीला काय सांगू?"

अक्कांनी भरलेला एक कॅन उचलून त्यांच्या पिशवीत ठेवला. "हे दे. गोठा धुवायला." मग थांबून त्यांनी विचारलं, "दादा, तुमच्याकडं पानी कसलं? नळाचं का आडाचं?"

"आडाचं. कसलंबी काय, पानी ते पानी."

अक्कांनी फळीवरून लाल दोऱ्याची एक पुडी घेतली, नाकाशी नेली आणि कॅनच्या मुठीला पक्की बांधून दिली.